बुडबुड्याचा घाव

उन्हाळ्यात घोड आणि कुकडीचे पाणी खाली गेले, की जुन्नर-आंबेगावच्या नदीकाठच्या मोटारी खडखडू लागतात. पंपात कुणी मूठभर खडी टाकावी तसा आवाज. पंप खोलला तर खडी सापडत नाही. पंख्याच्या पात्यांवर मात्र देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. ‘गंजला’ म्हणून नवा पंखा बसतो आणि कालांतराने त्याचीही तीच गत होते.

खरा गुन्हेगार असतो बुडबुडा. दाब पुरेसा उतरला तर पाणी थंड असतानाच उकळते. पाणी ओढताना पंपाच्या तोंडाशी दाब घटतो, वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि पुढे दाब वाढताच मिटतात. मिटताना बसणारा पाण्याचा फटका सुईच्या टोकाएवढ्या जागेवर एकवटतो. असे असंख्य फटके पोलादालाही खातात. याला म्हणतात कॅव्हिटेशन. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच, म्हणजे हवेचा दाब मुळातच कमी. कोकणातल्यापेक्षा इथली मोटार पाऊण मीटरभर कमीच खोलीवरून पाणी ओढू शकते. त्यात ‘फुटबॉल’ (फूटव्हॉल्व्ह) गाळाने तुंबला, की बघायलाच नको.

हे दुखणे प्रथम ओळखले ते जहाजबांधणीवाल्यांनी. १८९४ साली चार्ल्स पार्सन्स यांची ‘टर्बिनिया’ ताकदवान इंजिन असूनही वेग घेईना. पंखा पाण्याऐवजी पोकळीतच फिरत होता. पुढे ‘लुसिटानिया’ आणि ‘मॉरिटानिया’ या बड्या जहाजांच्या पंख्यांना खड्डे पडले. १९१७ साली लॉर्ड रॅले यांनी मिटणाऱ्या बुडबुड्याचे गणित मांडले. आज विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेत त्यासाठी खास बोगदा आहे. तपासणारे तुटलेल्या भागाकडे जवळपास शवविच्छेदनाच्या नजरेने पाहतात: गंज ऐसपैस पसरतो, बुडबुड्याचे खड्डे पात्याच्या ठराविक पट्ट्यातच पडतात, आणि वारंवारच्या ताणाने थकून तुटलेल्या धातूवर ओहोटीच्या वाळूसारख्या रेषा उमटतात.

हीच नजर माणसाच्या हृदयापर्यंत पोहोचली. १९८०च्या दशकात एका प्रकारच्या कृत्रिम झडपेच्या पाकळ्या काही रुग्णांच्या शरीरात तुटल्या. त्यांच्यावरही तसेच खड्डे सापडले. झडप झटक्यात मिटताना रक्तातही क्षणभर बुडबुडे होतात. १९८८ साली त्या झडपेची विक्री थांबली.

मुतखड्याच्या उपचारात मात्र हाच घाव कामी येतो. १९८० साली म्युनिकमध्ये बाहेरून धक्कालहरी देऊन खडा फोडण्याची पद्धत प्रथम रुग्णावर वापरली गेली. खडा फुटतो त्यात लहरींच्या ताणाबरोबर बुडबुड्यांचाही वाटा असतो. पण बुडबुडा खडा आणि मूत्रपिंड यांत भेद करत नाही, बारीक रक्तवाहिन्याही दुखावतो. धक्के घाईने दिले तर आधीचे बुडबुडे पुढच्या लहरीच्या आड येतात. मिनिटाला १२० ऐवजी ६० धक्के दिले तर खडा अधिक चांगला फुटतो. तेव्हा ‘लवकर आटपा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नये.

ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी चालू असेल तर ती आधी सांगायलाच हवी. गर्भवतींना हा उपचार देत नाहीत. नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, त्याने घाबरू नये. मात्र थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा कुशीत असह्य कळा येऊ लागल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.