दोष कोणाचा? ब्रिटनचे पक्ष, अर्थव्यवस्था आणि कुंभाराचं गाढव

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातलं कारणाचं लक्षण पाहिलं. कार्याच्या आधी नेमाने असणारं, आणि ‘अन्यथासिद्ध’ नसलेलं, ते कारण. अन्यथासिद्ध म्हणजे काय, तर ते हजर असतं पण त्याच्यावाचून काही अडत नाही. नैयायिकांचं आवडतं उदाहरण म्हणजे कुंभाराचं गाढव. माती त्याने वाहून आणली, घट तयार होताना ते अंगणात उभंही असेल. पण म्हणून घटाचं कारण गाढव असं कोणी म्हणत नाही.

व्याख्यान संपल्यावर काही जणांनी विचारलं, याचा आज उपयोग काय? म्हणून आज एक चालू उदाहरण घेऊ या, ब्रिटनचं. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं, नातवंडं तिकडे आहेत, तिथले हप्ते भरतात, तिथे मत देतात. आणि तिथल्या राजकारणात गेली पंधरावीस वर्षं एकच वाद पुन्हा पुन्हा उगवतो : अर्थव्यवस्था बुडवली कोणी? मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. पण हा वाद निम्म्याहून अधिक कारणाच्या लक्षणाचा आहे, आकडे त्यात नंतर येतात.

सुरुवात एका चिठ्ठीपासून करतो. मे २०१०. मजूर पक्ष निवडणूक हरला आणि हुजूर पक्ष व लिबरल डेमोक्रॅट यांचं संयुक्त सरकार आलं. तिथल्या अर्थखात्यात मुख्य अर्थमंत्र्याच्या खालोखाल एक मंत्री असतो, तो खर्चाची कात्री सांभाळतो. मावळते मंत्री लियम बर्न यांनी त्या जागी येणाऱ्यासाठी टेबलावर चिठ्ठी ठेवली. आशय एवढाच की, माफ करा, पैसे शिल्लक नाहीत, शुभेच्छा! हा तिथला जुना थट्टेचा रिवाज. १९६४ साली रेजिनाल्ड मॉडलिंग यांनीही जाता जाता कॅलॅहनना, पसारा ठेवून जातोय, असंच काहीसं सांगितलं होतं. पण ही चिठ्ठी ज्यांच्या हाती पडली त्या डेव्हिड लॉज यांनी ती जाहीर केली. पाच वर्षांनी, २०१५ च्या प्रचारात, पंतप्रधान कॅमेरन तीच चिठ्ठी खिशातून काढून दाखवत होते. मतदानाच्या आठवडाभर आधी लीड्समध्ये दूरदर्शनवर नेत्यांना लोकांचे प्रश्न झाले. मजूर पक्षाचे एड मिलिबँड यांना विचारलं गेलं, तुमच्या सरकारने वाजवीपेक्षा जास्त खर्च केला हे मान्य आहे का? ते म्हणाले, नाही. सभागृहातून नापसंतीचा सूर उमटला. निवडणूक ते हरले.

आता आपल्या पद्धतीने पाहू. विधान असं : मजूर पक्षाने उधळपट्टी केली, म्हणून २००८ चं संकट आलं, म्हणून तूट वाढली. नैयायिक विचारील, अन्वय आणि व्यतिरेक दाखवा. कारण असेल तिथे कार्य, आणि कारण नसेल तिथे कार्य नाही.

व्यतिरेकाची साक्ष आधी काढू, कारण तीच इथे निर्णायक आहे. आयर्लंड आणि स्पेन ही दोन सरकारं २००७ पर्यंत तूट सोडा, शिल्लक दाखवत होती. कर्जही कमी. उधळपट्टी नाही, तरी दोघंही ब्रिटनपेक्षा वाईट आपटले. अमेरिकेत तर रिपब्लिकन अध्यक्ष होता. तिथे लेहमन ब्रदर्स सप्टेंबर २००८ मध्ये बुडाली. तेव्हा ब्रिटिश सरकारचा खर्च हे संकटाचं कारण नव्हे. तो अंगणातलं गाढव.

ब्रिटनचं सरकारी कर्ज संकटाआधी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३५-३६ टक्क्यांच्या आसपास होतं. १९९७ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला तेव्हाच्या मानाने जास्त नव्हतं. तूट होती ती तीन टक्क्यांच्या आत. २००९-१० मध्ये ती दहा टक्क्यांच्या घरात गेली. मधल्या दोन वर्षांत काय झालं? बँका बसल्या, घरांचे व्यवहार थंडावले, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. कर आटला आणि भत्ते वाढले. आणि आणखी एक गोष्ट, जी तिथल्या वादात कोणी फारशी काढत नाही : सप्टेंबर २००७ मध्ये हुजूर पक्षाचे जॉर्ज ऑस्बर्न यांनी जाहीर केलं होतं की, आम्ही आलो तर पुढची तीन वर्षं मजूर पक्षाने ठरवलेलाच खर्च करू! पुढच्या वर्षी संकट आल्यावर तो शब्द मागे घेतला. ज्या खर्चाला आपण त्याच वर्षी होकार दिला तोच खर्च नंतर पापाचा डोंगर कसा होतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

म्हणजे मजूर पक्ष निर्दोष? छे. इथे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. कोकणातला माणूस हे लगेच ओळखील. पाऊस तुम्ही पाडला नाहीत, मान्य. पण मृगाच्या आधी घर शाकारलं होतंत का? २००१ नंतरच्या भरभराटीच्या वर्षांतही अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन तूट ठेवत गेले, आणि तेजी-मंदीचं चक्र आपण मोडलं असं ते सांगत राहिले. बँकांवरची देखरेख सैल होती. नॉर्दर्न रॉक बँकेसमोर २००७ मध्ये रांगा लागल्या तेव्हा ते दिसलं. अर्थात हुजूर पक्षाची त्या काळची तक्रार नियम फार आहेत अशीच होती, पण राज्य कोण करत होतं? शाकारणीची जबाबदारी घरमालकाची. मिलिबँडना लीड्समध्ये हे म्हणता आलं असतं : पाऊस आमचा नव्हे, कौलं आमची. त्यांनी नुसतं ‘नाही’ म्हटलं. शिवाय २०१० च्या उन्हाळ्यात, नवा नेता निवडण्यात पक्ष गुंतला असताना, चिठ्ठीची गोष्ट देशभर रुजून गेली होती. पाच वर्षं जुनं झालेलं मत एका उत्तराने जात नाही.

दुसरं, त्या गोष्टीला एक उपमा चिकटलेली होती, घरखर्चाची. आपल्याकडे म्हणच आहे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. थॅचरबाई हेच गृहिणीच्या हिशेबाच्या भाषेत सांगत. घराला हे लागू आहे, कारण मी भाजी कमी घेतली म्हणून माझं पेन्शन कमी होत नाही. सरकारचं तसं नाही. सरकारचा खर्च हे कोणाचं तरी उत्पन्न असतं, आणि त्या उत्पन्नावरच सरकारला कर मिळतो. मंदीत सरकारने पाय आखडले की अंथरूणही आखूड होऊ लागतं. म्हणून २०१० नंतरच्या काटकसरीने तूट ठरवलेल्या मुदतीत मिटली नाही. आणि कात्री कशावर चालली? नगरपालिकांना केंद्राकडून मिळणाऱ्या अनुदानावर, लहान मुलांच्या केंद्रांवर, शेकडो सार्वजनिक वाचनालयांवर. कारणाचं लक्षण चुकलं की फक्त परीक्षेतले गुण जातात असं समजू नका.

आता हीच कसोटी दुसऱ्या बाजूला लावू. नाहीतर तुम्ही म्हणाल, सर मजूर पक्षाचे.

२३ सप्टेंबर २०२२. पंतप्रधान लिझ ट्रस, अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग. सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर झाली. पैसे कुठून येणार याचा हिशेब नाही, स्वतंत्र अंदाज मांडणाऱ्या सरकारी संस्थेचा अहवालही सोबत नाही. सरकारी रोख्यांचे भाव कोसळले, व्याज उसळलं. तिथल्या पेन्शन फंडांनी या रोख्यांवर उसनवारीचे व्यवहार करून ठेवले होते, ते अडचणीत आले, आणि २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदीला उतरावं लागलं. २० ऑक्टोबरला ट्रसबाईंनी राजीनामा जाहीर केला. तेव्हापासून मजूर पक्षाचं पालुपद असं की, ट्रसने अर्थव्यवस्था बुडवली आणि तुमचा घराचा हप्ता वाढवला.

इथलं गृहकर्ज समजून घ्या. आपल्याकडे बहुतेक कर्जांचा व्याजदर बदलता असतो. तिकडे सहसा दोन किंवा पाच वर्षांपुरता दर बांधून घेतात. मुदत संपली की नव्या दराने पुन्हा करार. ज्याची मुदत ऑक्टोबर २०२२ मध्ये संपली त्याला सहा टक्क्यांच्या वर दर सांगितला गेला. त्याच्या रागाला पुरेपूर कारण आहे.

पण व्यतिरेक बघा. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर २०२१ पर्यंत ०.१ टक्का होता. मिनी-बजेटच्या आदल्याच दिवशी तो २.२५ वर नेला गेला होता. महागाई त्या ऑक्टोबरात ११.१ टक्क्यांवर पोचली, त्यामागे युक्रेनचं युद्ध आणि गॅसचे भाव. अमेरिकेत ट्रस नव्हत्या, तिथेही दर शून्याजवळून पाचच्या पुढे गेला. आणि ट्रस जाऊन महिने लोटले तरी २०२३ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये दोन वर्षांच्या कर्जाचा दर पुन्हा सहाच्या वर होताच. तेव्हा त्या काही आठवड्यांतली उसळी ट्रस सरकारची. दर वाढणं मात्र त्यांच्यावाचूनही होणारच होतं.

मात्र या प्रकरणाने दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही एक धडा दिला. सरकार म्हणजे घर नव्हे, म्हणून सरकारला सावकारच नसतो असं नाही. पाहुणे किती वेळ थांबतील ते यजमानाच्या हातात नसतं.

एक जुनी गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती या सगळ्याला छेद देते. १६ सप्टेंबर १९९२ ला पौंड युरोपच्या विनिमयदर यंत्रणेतून बाहेर फेकला गेला. एका दिवसात व्याजदर १० वरून १२, मग १५ करण्याची घोषणा, आणि संध्याकाळी माघार. त्यानंतरची वर्षं अर्थव्यवस्थेला चांगली गेली : वाढ होती, महागाई आटोक्यात होती. तरी १९९७ मध्ये हुजूर पक्ष सपाटून हरला. लोकांनी आकडे मोजले नाहीत. यांच्या हातात लगाम आहे का, एवढंच पाहिलं. आणि खरं सांगायचं तर यात लोकांचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. कर्ता कोण हे शोधणं आणि कोणावर भरवसा ठेवावा हे ठरवणं, ही दोन कामं वेगळी आहेत.

मागून विचारतायत, सध्याच्या सरकारचं काय? जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष परत आला आणि महिनाभरात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज म्हणाल्या, आधीचे २२ अब्ज पौंडांचं भगदाड ठेवून गेले. म्हणजे तीच चिठ्ठी, पत्ता बदलून! फोड करून पाहा. त्यातले नऊ अब्जांच्या वर सरकारी नोकरांच्या पगारवाढीचे होते. ती वाढ या सरकारने स्वतः मान्य केली. दुसऱ्या बाजूला, त्या स्वतंत्र संस्थेनेच नंतर तपासून सांगितलं की फेब्रुवारीत अर्थखात्याला ठाऊक असलेला साडेनऊ अब्जांचा वाढीव बोजा तिला कळवलाच नव्हता. म्हणजे थोडं भगदाड खरोखर मिळालेलं, थोडं स्वतः पाडलेलं. पण त्या २२ अब्जांच्या नावावर पहिली कात्री चालली ती म्हाताऱ्यांच्या हिवाळी इंधन भत्त्यावर. दोनशे-तीनशे पौंडांची रक्कम, सुमारे एक कोटी पेन्शनरांची बंद झाली. पुढच्या जूनमध्ये, पक्षातलेच लोक उठल्यावर, वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना ती परत द्यावी लागली. मधला एक हिवाळा तसाच गेला.