लेणी व वस्तुसंग्रहालय : अर्ध्या दिवसाची अभ्याससहल

अजिंठा-वेरूळची सहल प्रत्येक शाळा काढते. परंतु छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरालगतची औरंगाबाद लेणी आपल्या फुलंब्री तालुक्यातील किती विद्यार्थ्यांनी पाहिली आहेत? ही लेणी व डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे इतिहास वस्तुसंग्रहालय एकाच सकाळी पाहून होते, म्हणून आम्ही हा मार्ग सुचवीत आहोत.

बीबी का मकबऱ्यामागील डोंगरात एकूण बारा लेणी आहेत. प्रारंभ चौथ्या लेण्यापासून करावा. स्तूप असलेले हे चैत्यगृह सातवाहनकालीन, सर्वांत जुने. इतर बहुतेक लेणी इ. स. च्या सहाव्या-सातव्या शतकातील असून त्यांत बुद्धमूर्ती आहेत. पूजा स्तूपाकडून मूर्तीकडे कशी आली, हे येथे चार पावलांत समजते.

तिसऱ्या लेण्यात मात्र घाई करू नये. गर्भगृहात तथागतांसमोर माणसाएवढ्या उंचीचे स्त्री-पुरुष उपासक गुडघे टेकून, हात जोडून बसलेले आहेत. देव नाहीत, बोधिसत्त्व नाहीत, तुमच्या-आमच्यासारखी माणसे! त्यांची केशरचना, दागिने, वस्त्रे नीट न्याहाळावीत. बॅटरी जवळ असावी. दुसरा गट थोडा दूर आहे. तेथील सातव्या लेण्यात आग, चोर, बुडते जहाज, सिंह, साप अशा आठ संकटांतून तारणारा अवलोकितेश्वर आहे. व्यापारी तांडे प्रवासात कशाला भीत असत, याची ती यादीच म्हणावी. आत नर्तकी व तिच्या सहा वादक सख्या आहेत.

वस्तुसंग्रहालयात पैठण, भोकरदन येथील उत्खननांतील वस्तू पाहाव्यात. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. १९७३ साली तेथे झालेल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तशीच मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली होती. ते नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा आपल्या शेजारच्या गावाचा रोमशी असलेला संबंध त्याकाळचा, हे अनुमान निघते. पण हे कशामुळे शक्य झाले? मूर्ती कोठे, मातीच्या कोणत्या थरात मिळाली याची नोंद झाली म्हणून. नोंदीविना ती केवळ एक शोभेची वस्तू ठरली असती.

आपल्या भागात नांगरटीत नाणी, मणी, खापरे निघतात. मुले ती खिशात घालतात, मोठी माणसे सोनाराकडे नेतात. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. वस्तू धुवू-घासू नये. जागेची खूण करून तलाठ्यास सांगावे. तसेच संरक्षित लेण्यांत नाव कोरणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे शिक्षकांनी बसमध्येच सांगून टाकावे. वस्तुसंग्रहालयाची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवावी आणि लेणी आधी करावीत. पायऱ्या उन्हात चढवत नाहीत.