परीक्षा ‘देतात’ की ‘घेतात’?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या मावसबहिणीकडे सांडोरला गेलो होतो. वसई रोड स्टेशनला उतरायचं, पश्चिमेला रिक्षा पकडायची आणि वसई गावाच्या दिशेला निघायचं. इमारतींची गर्दी आता इकडेही वाढली आहे, पण मधूनमधून केळीची आणि नारळाची वाडी अजून दिसते.

घरी पोचलो तर भाची ओटीवर तोंड फुगवून बसलेली. आठवीतली मुलगी. सातवीपर्यंत सगळे विषय मराठीतून, आणि यंदापासून गणित-विज्ञान इंग्रजीतून. बहीण म्हणाली, “दादा, हिला जरा बघ. महिना झाला, वर्गात हात वर करत नाही. इंग्रजीच्या तासाला तर खाली मान घालून बसते म्हणे.”

हळूहळू बाहेर आलं ते असं. बाईंनी निबंध वाचून दाखवायला सांगितला होता. हिनं लिहिलं होतं, “आय गेव्ह माय एक्झाम. माय मदर टूक अ सारी फ्रॉम द शॉप.” म्हणजे, मी परीक्षा दिली, आईनं दुकानातून साडी घेतली. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “हिच्या आईनं साडी चोरली!” आणि सगळा वर्ग हसला.

“मामा, तूच सांग,” भाची म्हणाली, “परीक्षा मी दिली ना? पेपर लिहून बाईंच्या हातात मीच दिला. मग इंग्रजीत ‘टेक’ कसं? घेतल्या तर बाईंनी!”

प्रश्न अगदी रास्त होता. आणि आईला चोर ठरवल्याचं दुःख तर त्याहून मोठं होतं. मी तिला म्हटलं, “वही आण. आज आपण या ‘टेक’चीच परीक्षा घेऊ.”

एक शब्द, शेकडो कामं

आधी एक गंमत ऐका. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश आहे ना, त्याच्या १९८९ सालच्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद ‘सेट’ या चिमुकल्या क्रियापदाची होती. त्याचे सुमारे ४३० अर्थ दिले होते! पुढे नव्या आवृत्तीचं काम करताना कोशकारांनी ‘रन’ हे क्रियापद हातात घेतलं, तेव्हा त्याचे ६४५ अर्थ निघाले. एका माणसाला त्या एका शब्दावर नऊ महिने घालवावे लागले.

म्हणजे बघा, अवघड इंग्रजी शब्दांना आपण उगाच घाबरतो. लांबलचक शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो, तो एकदा पाठ केला की झालं. खरे चकवे असतात ते हे छोटे, रोजचे शब्द. सेट, रन, गेट, मेक आणि आपला ‘टेक’.

पंच म्हणून तुर्की

आता मराठी आणि इंग्रजी यांचं भांडण लागलं, तर निवाडा करायला तिसरा कोणीतरी हवा. माझ्याकडे तुर्की भाषेचं एक जुनं, पानं सुटलेलं पुस्तक आहे. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेलं. (‘घेतलेलं’ म्हणजे पैसे देऊन हं!) म्हटलं, तुर्कीलाच पंच नेमू.

तुर्की भाषा आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. मराठीसारखंच तिचंही क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. आपण ‘करणे, घेणे, देणे’ असं ‘णे’ लावून क्रियापद सांगतो, तसं ते ‘माक’ किंवा ‘मेक’ लावतात. ‘आल्माक’ म्हणजे घेणे, ‘वेर्मेक’ म्हणजे देणे, ‘चेक्मेक’ म्हणजे ओढणे.

मग आम्ही वहीत तीन रकाने आखले. इंग्रजी, मराठी आणि तुर्की.

जिथे तिघांचं जुळतं

पहिलं वाक्य वसईचंच घेतलं. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेनं पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. इंग्रजीत, ‘दे टूक द फोर्ट’. मराठीत, ‘किल्ला घेतला’. तुर्कीतही किल्ल्याला ‘आल्माक’च लावतात. तिन्ही भाषा एकमतानं हजर!

श्वासाचंही तसंच. ‘टेक अ ब्रेथ’, ‘श्वास घेणे’, तुर्कीत ‘नेफेस आल्माक’. वर्गात टिपणं घेतो तेही तसंच, ‘टेक नोट्स’ आणि ‘नोत आल्माक’.

“मग भांडण आहेच कुठे?” भाची म्हणाली.

“थांब,” मी म्हटलं, “आता साडी घे.”

मराठीत ‘घेणे’ म्हणजे हातात घेणे, आणि विकत घेणेसुद्धा. ‘आईनं साडी घेतली’ म्हटलं की ऐकणारा समजतो, पैसे देऊन घेतली. तुर्कीतही अगदी हेच! ‘आल्माक’ म्हणजे घेणे आणि विकत घेणेही. इस्तंबूलची एखादी मुलगी ‘आईनं कपडे घेतले’ म्हणाली, तर तिथे कोणी हसणार नाही. इंग्रजीत मात्र ‘टेक’मध्ये पैसे देणं येत नाही. तिथे ‘बाय’ हा वेगळाच शब्द लागतो. ‘टूक फ्रॉम द शॉप’ म्हटलं, की नुसतं उचलून आणल्यासारखं वाटतं.

भाचीचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे माझी चूक तुर्कस्तानातल्या मुलींचीपण होत असेल?”

“होत असेल की! तू मराठीत बरोबर विचार केलास, फक्त तो इंग्रजीत जसाच्या तसा उचलून ठेवलास.”

परीक्षेची गोष्ट

मग आम्ही तिच्या मूळ प्रश्नाकडे वळलो. मराठीत मुलं परीक्षा देतात आणि शिक्षक परीक्षा घेतात. इंग्रजीत नेमकं उलटं! मुलं परीक्षा ‘टेक’ करतात आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतात. जणू दोन भाषांनी आपसात खुर्च्या बदलल्या आहेत.

असं का? मराठीत आपण उत्तरं देतो, जबाब देतो, साक्ष देतो, तशीच परीक्षाही देतो. इंग्रजीच्या डोळ्यांपुढे वेगळं चित्र आहे. बाई प्रश्नपत्रिका देतात, मुलगी ती घेते. दोन्ही गोष्टी त्याच वर्गात, त्याच वेळी घडतात. फक्त मराठी एका टोकाकडे बघते आणि इंग्रजी दुसऱ्या.

इंग्लंडात ‘सिट ॲन एक्झाम’ असंही म्हणतात. हे तर आपल्या ‘परीक्षेला बसणे’चं सख्खं भावंडच की! आणि आपले पंच? तुर्कीत ना देतात, ना घेतात, ना बसतात. तिथे ‘सिनावा गिर्मेक’, म्हणजे परीक्षेत शिरतात! एखाद्या खोलीत शिरावं तसं. मला तर हे सगळ्यात खरं वाटलं. दहावीच्या वर्षी घरं कशी होतात ते आठवा. टीव्ही बंद, पाहुणे बंद, खेळणं बंद. सगळं घरच्या घर परीक्षेत शिरलेलं असतं!

भारतात ‘गिव्ह एक्झाम’ म्हणणारी मोठी माणसंही पुष्कळ भेटतील. बोलण्यात ते खपून जातं. पण पेपरात आणि मुलाखतीत ‘टेक’ लिहा, ‘टेक’ म्हणा.

फोटो, आजी आणि बस

आता आम्हा दोघांना खेळाची चटकच लागली. ‘टेक अ फोटो’ घेतलं. मराठीत आपण फोटो ‘काढतो’, चित्र काढतो तसाच. हिंदीत ‘खींचते हैं’, म्हणजे ओढतात. आणि तुर्कीतही ‘चेक्मेक’, ओढणंच! हिंदी आणि तुर्की यांचा हात इथे कसा मिळाला बघा. आणि इंग्रजीत चित्र काढण्याला ‘ड्रॉ’ म्हणतात, त्या ‘ड्रॉ’चाही एक अर्थ ओढणे असाच आहे.

पुढचं वाक्य माझ्या बहिणीनंच आतून सांगितलं, “ही अगदी आजीवर गेलीय, रुसणंसुद्धा तसंच!” इंग्रजीत म्हणतील, ‘शी टेक्स आफ्टर हर ग्रँडमदर’. मराठीत आजी‘वर’ जातात, तर तुर्कीत आजीकडे ‘ओढले’ जातात. तिथेही तेच ‘चेक्मेक’. म्हणजे फोटोलाही चेक्मेक आणि आजीलाही चेक्मेक. जशी इंग्रजीत दोन्हीकडे ‘टेक’.

बस घ्या. इंग्रजीत ‘टेक अ बस’. मराठीत आपण बस ‘पकडतो’. विरारची लोकल ज्यानं सकाळी पकडली आहे, त्याला विचारा, याहून बरोबर शब्द नाही! तुर्कीत ‘बिन्मेक’, म्हणजे चढणे, घोड्यावर चढतात तेच.

वाडीतली भाजी दादरच्या बाजारात ‘न्यायची’ असते. इंग्रजीत इथेही ‘टेक’, पण तुर्कीत आपल्यासारखा वेगळा शब्द, ‘गोतुर्मेक’. औषध मराठीत आणि इंग्रजीत ‘घेतात’, तर तुर्कीत ते ‘पितात’, मग गोळी का असेना! चपला आपण ‘काढतो’, त्यांच्याकडे ‘चिकारमाक’, म्हणजे बाहेर काढणे, आणि इंग्रजीत ‘टेक ऑफ’. विमानही ‘टेक ऑफ’ करतं, पण म्हणून ते चपला काढत नाही. तुर्कीत विमान ‘उठतं’.

आणि वेळ? ‘इट टूक टू अवर्स’, दोन तास लागले. इथे तुर्कीत ‘सुर्मेक’. आता गंमत बघा. अंगाला क्रीम ‘लावणे’ यालाही तुर्कीत ‘सुर्मेक’च म्हणतात. वेळ ‘लागतो’ आणि क्रीम ‘लावतो’. हजारो मैलांवरच्या दोन भाषांची अशी अचानक गाठ पडते!

वही भरली तेव्हा आम्हाला एक गोष्ट कळली. हातानं खरोखर काहीतरी धरायचं असेल, तर तिन्ही भाषा बहुतेक एकत्र चालतात. हात सुटला आणि नुसती कल्पना उरली, की प्रत्येकीची वाट वेगळी होते. म्हणून ‘टेक म्हणजे घेणे’ एवढं पाठ करून भागत नाही. ‘टेक अ बस’, ‘टेक ॲन एक्झाम’ अशी पुरी जोडीच लक्षात ठेवायची.

आपल्या घरचा ‘टेक’

“इंग्रजी भाषा वाकडीच आहे,” भाची शेवटी म्हणाली.

मी म्हटलं, “बाई गं, आपली काय कमी आहे? ‘लागणे’ बघ.” भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, आग लागते आणि झोपही लागते! जेम्स मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३१ साली मराठी-इंग्रजी मोठा कोश छापला. १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. परक्या मुलखातून आलेल्या त्या माणसाला आपलं ‘लागणे’ समजून घेताना किती घाम फुटला असेल, विचार करा.

आणि वसईच्या मुलांना तर भाषांची सवय आहेच. घरात कोणी सामवेदी बोलतं, कोणी वाडवळी, कोणी कोळी, कोणी आगरी. शाळेत पुस्तकी मराठी, गाडीत हिंदी. दिवसातून चार वेळा भाषा बदलणाऱ्या मुलांनी पाचवीला कशाला भ्यायचं?

पालकांनाही एक विनंती. मुलं इंग्रजीत चुकली तर हसू नका आणि रागावूही नका. चूक बघून विचारा, “हे कुठल्या भाषेत बरोबर आहे?” उत्तर बहुतेक वेळा मराठीत सापडेल. चूक कुठून आली हे कळलं, की ती पुन्हा होत नाही.

सुट्टी संपल्यावर बहिणीचा फोन आला. भाचीनं वर्गात हात वर केला होता म्हणे. उत्तर द्यायला नाही, तर प्रश्न विचारायला. “बाई, परीक्षा आम्ही देतो, तर इंग्रजीत घेतो का म्हणतात?” बाई क्षणभर थांबल्या, हसल्या आणि तोच प्रश्न त्यांनी फळ्यावर लिहिला. मागच्या बाकावरच्या हसणाऱ्यालाही त्याचं उत्तर आलं नाही!

शब्दांचे पाहुणे

• दप्तर – तुर्कीत ‘देफ्तेर’, म्हणजे वही. आपण वह्या ठेवायच्या पिशवीलाच दप्तर म्हणतो.
• मेवा – तुर्कीत ‘मेय्वे’, म्हणजे फळ.
• हप्ता – तुर्कीत ‘हाफ्ता’, म्हणजे आठवडा.
• तोफ – हा शब्द मुळात तुर्कीच. तिथे आज ‘तोप’ म्हणजे चेंडूसुद्धा!
• पगार – पोर्तुगीज भाषेतलं ‘पैसे चुकते करणे’ हे क्रियापद. वसईत पोर्तुगीज १५३४ ते १७३९ होते. ते गेले, पगार राहिला.

करून पाहा

खालची वाक्यं इंग्रजीत सांगा. प्रत्येकात ‘लागणे’ आहे, पण इंग्रजीत शब्द किती लागतात ते मोजा.

१. मला भूक लागली. २. बाळाला झोप लागली. ३. ताईला नोकरी लागली. ४. कैरी आंबट लागते. ५. पाऊस पडू लागला. ६. तो माझा मामा लागतो. ७. निकाल लागला. ८. मला बस लागते.

उत्तरं : १. आय ॲम हंग्री. २. द बेबी फेल अस्लीप. ३. माय सिस्टर गॉट अ जॉब. ४. रॉ मँगो टेस्ट्स सावर. ५. इट बिगॅन टु रेन. ६. ही इज माय अंकल. ७. द रिझल्ट्स आर आउट. ८. आय गेट सिक इन बसेस.

बघा, आपल्या एका ‘लागणे’साठी इंग्रजीला किती क्रियापदं कामाला लावावी लागली!