रेकॉर्डला रेकॉर्ड जोडताना

मुळशी तालुक्याला ढोलाचं कौतुक नव्यानं सांगायला नको. ताशावाल्यानं इशारा दिला की सगळे ढोल एकदम हात बदलतात, टोल मात्र लय सोडत नाही. तालुक्यातल्या माण गावच्या माणसाला हाऊस संगीतातल्या, म्हणजे सलग ठेक्यावरच्या नृत्यसंगीतातल्या, डीजेचं काम समजवायचं झालं तर मी इथूनच सुरुवात करीन. एक ठेका चालू असताना दुसरा त्यात आणायचा आणि नाचणाऱ्याचा पाय अडखळू द्यायचा नाही. या जोडकामावरूनच डीजेंच्या शैली वेगळ्या झाल्या. कुणी कोणती गाणी निवडली यापेक्षा दोन गाण्यांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात डीजे जास्त ओळखू येतो, असं माझं ठाम मत आहे.

हे काम जवळून बघू. हाऊसची गती साधारण मिनिटाला 120 ते 128 ठोके. समजा, चालू रेकॉर्ड 124 ठोक्यांची आहे आणि पुढची 126 ची. दोन्ही तशाच एकत्र सोडल्या तर पंधराव्या सेकंदाला त्या अर्ध्या ठोक्यानं फाकतात आणि दोन ढोल एकमेकांच्या पायात पाय घालतात. म्हणून डीजे पुढची रेकॉर्ड आधी एका कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये ऐकतो आणि पिचची पट्टी सरकवून तिची गती दीड टक्क्याच्या आसपास उतरवतो. टेक्निक्सच्या एसएल-1200 एमके2 या 1979 च्या टर्नटेबलवर ही पट्टी आठ टक्के वर-खाली जाते. तरीही फरक उरलाच, तर तबकडीच्या कडेला बोट टेकवून तिला किंचित अडवायचं. लय जुळली की आठ आवर्तनांचा, म्हणजे 32 ठोक्यांचा हिशेब. 124 च्या गतीला ते साडेपंधरा सेकंद होतात. तो टप्पा संपतो त्या क्षणी जुन्या रेकॉर्डचा खर्ज कापायचा आणि नवीचा उघडायचा. दोन खर्ज एकत्र वाजले की नुसता गोंगाट होतो.

इथपर्यंत कसब सगळ्यांचं सारखं. पुढे स्वभाव येतो.

शिकागोत फ्रँकी नकल्स 1977 मध्ये वेअरहाऊस क्लबात वाजवू लागला. त्याची जोड मऊ, सावकाश. डिस्को गाण्यांचे तुकडे टेपवर कापून-जोडून तो ती लांबवायचा आणि पुढे त्यांच्याखाली रोलंडच्या ड्रम मशीनचा ठेकाही घालू लागला. त्याच शहरात म्युझिक बॉक्समधला रॉन हार्डी नेमका उलट. गती चढवलेली, खर्ज आणि तीव्र स्वर झटक्यानं कापलेले, कधी टेप चक्क उलटी फिरवलेली. फ्युचर या त्रिकुटानं त्याच्याकडे एक विचित्र टेप आणून दिली. पहिल्यांदा वाजवली तेव्हा फ्लोअर रिकामा झाला. हार्डीनं ती त्याच रात्री चार वेळा लावली आणि चौथ्या वेळेला लोक बेभान झाले, अशी हकीकत त्यातला डीजे पिअर सांगत आला आहे. तीच 1987 ची ‘अॅसिड ट्रॅक्स’. तिच्यातलं टीबी-303 हे खर्जाचे सूर काढणारं यंत्र आपल्याकडे मुंबईच्या चरणजित सिंगांनी त्याआधीच, 1982 मध्ये, रागांच्या रेकॉर्डसाठी वापरलं होतं. ती रेकॉर्ड त्या काळात फारशी कुणाच्या कानावर गेली नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

जोडकामच नाकारणारेही होते. न्यूयॉर्कमध्ये 1970 पासून डेव्हिड मॅनकुसो आपल्या ‘लॉफ्ट’ या घरात पार्ट्या देत असे. पुढे त्यानं मिक्सिंग सोडूनच दिलं. गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत पूर्ण वाजवायचं आणि मगच दुसरं. दुसऱ्या टोकाला तीन-तीन टर्नटेबल एका वेळी चालवणारा कार्ल कॉक्स. तिसऱ्या रेकॉर्डवरचा नुसता ठेका तो आधीच्या दोन रेकॉर्डींवर चढवायचा. सॅशा आणि जॉन डिग्वीड यांच्या प्रोग्रेसिव्ह शैलीत दोन गाणी मिनिटामिनिटांनी एकमेकांत विरघळतात. पहिलं कधी संपलं हे कळतच नाही. मला ही शैली सर्वांत जवळची. तिला लागतो तेवढा धीर आता दुर्मीळ झाला आहे.

गोव्याची गोष्ट निराळी. हणजुणेच्या किनाऱ्यावर उकाड्यात रेकॉर्डी वाकायच्या, म्हणून तिथले डीजे कॅसेटवर आणि पुढे डॅट या डिजिटल टेपवर वाजवू लागले. त्या यंत्रांवर गती बदलायची सोय सहसा नसे, त्यामुळे लय जुळवणं अवघड होतं. एका गाण्याच्या शेवटच्या तरंगत्या सुरांवर दुसऱ्याची सुरुवात अलगद ठेवायची. गोवा गिलनं हीच रीत धरून चोवीस-चोवीस तास वाजवलं. ते संगीत ट्रान्स, हाऊस नव्हे. पण हाती असलेल्या यंत्रातून शैली कशी घडते ते यात स्वच्छ दिसतं.

याच गोव्यात, कांदोळीच्या किनाऱ्यावर, 2007 मध्ये ‘सनबर्न’ महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी तिथे कार्ल कॉक्स वाजवून गेला. 2016 मध्ये महोत्सव पुण्याकडे आला आणि 2017 मध्ये बावधनजवळच्या गोल्फ रिसॉर्टवर, म्हणजे माणपासून फार लांब नाही, अशा ठिकाणी भरला. मोठ्या मंचावर डीजेला साधारण तासभर मिळतो. तेवढ्यात सावकाश विरघळणारी जोड परवडत नाही. दोन-तीन मिनिटांत गाणं उंच न्यायचं, क्षणभर ठेका काढून घ्यायचा, मग सगळा खर्ज एकदम सोडायचा आणि लगेच पुढचं गाणं. हजारोंच्या गर्दीला एकदम उडी मारायला लावणं हेही कौशल्यच. पण तासाभरात दहा शिखरं आली की त्यांची उंची जाणवत नाही.

आता कंट्रोलर आणि लॅपटॉपवर सिंकचं बटण दाबलं की लय आपोआप जुळते. जुन्या मंडळींना हे रुचत नाही. मला त्यात वावगं दिसत नाही, कारण मशीन ठोके जुळवतं. खर्ज कधी सोडायचा, समोरच्या माणसाचा दम किती उरला आहे, हे त्याला कळत नाही. माणमधल्या एखाद्या फ्लॅटमध्ये कुणाला हे शिकायचं असेल तर छोटा कंट्रोलर पुरतो. रात्री दहानंतर हेडफोनवर सराव करावा, शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. आणि कार्यक्रमाला जायचं तर दार उघडल्याबरोबर जावं. सुरुवातीचा डीजे 118-120 च्या गतीवर, मोजकेच आवाज वापरत, रिकामा फ्लोअर तासा-दोन तासांत भरतो आणि गर्दी तापली की ती दुसऱ्याच्या हाती देऊन उतरतो. पोस्टरवर त्याचं नाव सर्वांत खाली, बारीक अक्षरात असतं.