चेणे ते उत्तन : श्रावण-भाद्रपदातील समुद्रपक्षी

महाराष्ट्राला सुमारे ७२० कि. मी. लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे आपण शालेय भूगोलात शिकतो. या किनाऱ्यावर मासळी किती उतरते, बंदरे कोठे आहेत, नारळी-पोफळीच्या बागा कोठे आहेत, याची माहिती बहुतेकांना असते. परंतु याच किनाऱ्यावरून दरवर्षी हजारो पक्षी ये-जा करतात आणि त्यांतील काही तर थेट दक्षिण ध्रुवाकडून येऊन आपल्या डोळ्यांसमोरून जातात, याची जाणीव फार थोड्यांना आहे. तसे होण्याचे कारणही साधे आहे. पक्षी पाहावयाचे ते हिवाळ्यात, अशी आपली समजूत झाली आहे. पाऊस ओसरू लागण्याचा, म्हणजे श्रावण-भाद्रपदाचा काळ त्यामुळे निरीक्षणावाचूनच निघून जातो. खरे पाहता समुद्रपक्ष्यांच्या दृष्टीने वर्षातील अतिशय मोलाचे दिवस हेच होत.

ठाणे जिल्ह्यातील चेणे हे गाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. उल्हास नदी ठाण्याजवळ पोहोचली की तिचे पाणी साष्टीच्या उत्तर अंगाने वळते आणि वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. या खाडीच्या दक्षिण तीरावर, घोडबंदर रस्त्यालगत चेणे वसले आहे. पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, तेथून उतरणारी छोटी नदी, आणि पुढे कांदळवन व खाडीचा चिखल, अशी त्याची रचना आहे. आज हे गाव मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. त्याच हद्दीच्या पश्चिम टोकाला, खाडी जेथे समुद्रात शिरते तेथे, डोंगरी, चौक, पाली आणि उत्तन ही गावे आहेत. म्हणजे एकाच नगराच्या कक्षेत डोंगर, खाडी आणि उघडा समुद्र असे तिन्ही प्रदेश येतात. असा योग फार ठिकाणी आढळत नाही.

चौक येथील धारावी किल्ल्याची टेकडी हे या परिसरातील भूशिर. समोर खाडीच्या पलीकडे वसईचा किल्ला. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली त्या मोहिमेत या टेकडीला मोठे महत्त्व होते, कारण खाडीच्या मुखातून येणारे-जाणारे प्रत्येक गलबत येथून दिसे. गलबतांच्या टेहळणीसाठी जी जागा योग्य, तीच पक्ष्यांच्या टेहळणीसाठीही योग्य असते. जमीन समुद्रात पुढे घुसलेली असते, पाणी तीन बाजूंनी दिसते, आणि किनाऱ्याला समांतर उडणाऱ्या पक्ष्याला या टोकाला वळसा घालूनच जावे लागते.

आता प्रश्न असा की भर पावसाळ्यात समुद्रावर पक्षी येतातच कशाला? याचे उत्तर वाऱ्यात आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की सोमालिया आणि ओमान यांच्या किनाऱ्यालगतचे, तसेच केरळच्या बाजूचेही, वरचे पाणी बाजूला ढकलले जाते आणि त्याच्या जागी तळाचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती व प्राणी वाढतात, त्यांवर लहान मासळी पोसते आणि मासळीमागोमाग पक्षी येतात. पावसाळ्यातील अरबी समुद्र आपल्याला रौद्र व रिकामा भासतो. समुद्रपक्ष्यांना मात्र तो भरलेले ताट वाटतो.

या ताटावर येणारा सर्वांत आश्चर्यकारक पाहुणा म्हणजे विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल. आकाराने चिमणीहून फार मोठा नाही, वजन जेमतेम ३५ ते ४० ग्रॅम. रंग काळपट, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. दक्षिण ध्रुव खंडाच्या किनाऱ्यावर आणि आसपासच्या बेटांवर नोव्हेंबर ते मार्च या तेथील उन्हाळ्यात तो वीण करतो, आणि तिकडे हिवाळा पडला की विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो. लाटांच्या अगदी लगत, पाय पाण्याला टेकवीत, जणू पाण्यावरून चालत असल्यासारखा तो उडतो. आपण थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्यांचेच स्वागत करतो. हा पाहुणा मात्र दक्षिणेकडून, उलट्या ऋतूतून आलेला असतो.

त्याच्या जोडीला शिअरवॉटर, मुखवट्यासारखा काळा चेहरा असलेला मास्क्ड बूबी, लांब दुभंगलेल्या शेपटीचा फ्रिगेट पक्षी, काळ्या पाठीचा सूटी सुरय आणि ब्राउन नॉडी हे पक्षी असतात. सूटी सुरय आणि नॉडी लक्षद्वीपमधील पिट्टी या निर्जन बेटावर घरटी करतात. या मंडळींचे खरे घर खोल समुद्र. जोराचा पश्चिमी वारा दोन-तीन दिवस सतत वाहिला, तरच ते किनाऱ्याच्या दृष्टिपथात येतात. म्हणून भूशिरावर बसण्यास सर्वांत चांगला दिवस म्हणजे वादळी सरी ओसरल्यानंतरची पहिली सकाळ. सकाळ यासाठी की सूर्य पाठीशी असतो. दुपारनंतर पश्चिमेकडे नुसती चकाकी दिसते आणि प्रत्येक पक्षी काळाच वाटतो.

आपल्याच किनाऱ्यावर वीण करणारा समुद्रपक्षीही आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले बंदरासमोरच्या खडकाळ बेटांवर ब्रायडल्ड सुरय घरटी करतो. याच बेटांच्या गुहांतून पाकोळीच्या जातीचा स्विफ्टलेट हा पक्षीही राहतो. अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७५ मध्ये पश्चिम किनाऱ्याच्या सफरीत या बेटांना भेट दिली होती आणि मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचा तेथील सुरय व स्विफ्टलेट यांवरील लेख १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. अब्दुलअली आणि डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई व साष्टीच्या पक्ष्यांची जी यादी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध केली, तिच्या कक्षेत आजचे मीरा-भाईंदर येते. ही संस्था १८८३ साली स्थापन झाली. एवढी जुनी अभ्यासपरंपरा या भागाला लाभली आहे, हे येथील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

चिखलावरचे प्रवासी

समुद्रपक्ष्यांना नशीब लागते. चिखलावरच्या पक्ष्यांना लागते ते भरती-ओहोटीचे ज्ञान. ऑगस्टच्या सुरुवातीपासून खाडीत तुतवार, चिखल्या, टिलवा, पाणटिवळा हे पक्षी उतरू लागतात. छोटा चिखल्या लडाख-तिबेटच्या पठारावरून येतो. टिलवा आणि वाकड्या चोचीचा तुतवार हे सैबेरियाच्या उत्तर टोकाच्या टुंड्रा प्रदेशातून येतात. हा सर्व प्रवास मध्य आशियाई उड्डाणमार्गाने होतो. तीस देश आणि पाणपक्ष्यांच्या १८२ जाती या मार्गाशी निगडित आहेत. प्रथम येतात ते मोठे पक्षी. त्यांच्या अंगावर विणीच्या हंगामातील तांबूस पिसांचे अवशेष असतात, त्यामुळे हिवाळ्यात सारखेच करडे दिसणारे हे पक्षी या दिवसांत ओळखण्यास सोपे जातात. कुरव मात्र बहुतांशी ऑक्टोबरपासून दिसू लागतो. तपकिरी डोक्याचा कुरव लडाखच्या सरोवरांवर घरटी करून इकडे येतो.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत अजून कामाची आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. ही वेळ ढोबळ असते, आणि खाडीत आत असलेल्या चेण्याला मुखाशी असलेल्या उत्तनपेक्षा भरती काहीशी उशिरा पोहोचते. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास उत्तम. पाणी चढत जाते तसा चिखल आखडत जातो आणि दूर विखुरलेले पक्षी निरीक्षकाकडे ढकलले जातात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात सारा चिखल बुडतो. अष्टमीच्या भांगात बराचसा उघडा राहतो. कोळी बांधवांना हे सांगावे लागत नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या जातात, आणि पाण्यावर सुरय कोठे घिरट्या घालीत आहेत यावरून मासळीचा माग काढणारी नजर त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुर्बिणीपेक्षा त्यांच्याशी केलेले अर्ध्या तासाचे संभाषण अनेकदा अधिक उपयोगी ठरते.

खरा प्रश्न उधाणाच्या भरतीतील त्या तीन-चार तासांचा आहे. चिखल बुडाला की पक्ष्यांना विसाव्यासाठी उघडी, उथळ, चोहोबाजूंनी दृष्टी पोहोचेल अशी जागा लागते. घनदाट कांदळवन त्यांतील बहुतेकांना चालत नाही. भाईंदर परिसरातील मिठागरे ही गरज भागवितात. पावसाळ्यात तेथे मीठ पिकत नाही. वाफ्यांत पावसाचे पाणी उथळ साचते आणि बांधांवर पक्षी एका पायावर उभे राहून झोप घेतात. हजारो कोस उडून आलेल्या पक्ष्याने चिखलात मिळविलेले अन्न त्याच्या अंगी लागावयाचे असेल, तर ही विश्रांती अत्यावश्यक आहे. मोकाट कुत्र्यांनी किंवा छायाचित्र घेण्यासाठी जवळ जाणाऱ्यांनी त्याला पुन्हा पुन्हा उठविले, तर साठविलेली चरबी उडण्यातच खर्ची पडते. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ आणि २०१८ मध्ये त्याबाबत स्पष्ट आदेश दिले, आणि २०१२ पासून राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष कार्यरत आहे. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये ती खाडी रामसर यादीत आली. मिठागरांच्या उघड्या वाफ्यांकडे मात्र पडीक जमीन म्हणूनच पाहिले जाते. चिखल राखला आणि विसाव्याची जागा गेली, तर पक्ष्याच्या हाती निम्मेच घर उरते.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत होते. जानेवारीत स्थिरावलेले पक्षी मोजले जातात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन-चार दिवस थांबून पुढे जाणारे त्यात येत नाहीत. एखादी जागा केवळ अशा वाटसरूंच्या उपयोगाची असेल, तर कागदोपत्री ती निरुपयोगी ठरते. खाडीकाठच्या शाळांनी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या जागी, ठरलेल्या भरतीला तासभर नोंद ठेवली, तर ही उणीव भरून निघू शकेल. तारीख, तिथी, वाऱ्याची दिशा, पक्ष्याचे नाव आणि अंदाजे संख्या एवढेच रकाने पुरेत. नाव न कळल्यास वर्णन लिहावे. चुकीच्या नावापेक्षा बरोबर वर्णन केव्हाही अधिक मोलाचे. स्थानिक नावेही टिपावीत. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षीकोश’ सिद्ध करताना अशीच लोकांच्या तोंडची नावे जमविली होती.

किनाऱ्यावर थकलेला पक्षी आढळल्यास

वादळानंतर बूबी, फ्रिगेट किंवा पेट्रेल वाळूवर, कधी घराच्या अंगणातही पडलेला सापडतो. गावकरी दयाबुद्धीने त्याला समुद्रात सोडतात, आणि बहुधा तेथेच त्याचा अंत होतो. हा पक्षी पोहता येत नाही म्हणून पडलेला नसतो, तर उपासमारीने त्राण उरले नाही म्हणून पडलेला असतो. शिवाय फ्रिगेटची पिसे पाण्यात भिजतात आणि पाण्यावरून त्याला पुन्हा उडणे कठीण जाते. पेट्रेल व शिअरवॉटर यांचे पाय शरीराच्या बरेच मागे असल्याने जमिनीवरून त्यांना झेप घेता येत नाही. पाय मोडला आहे, असा गैरसमज यातूनच होतो.

अशा वेळी पक्ष्यावर सुती कापड टाकून त्याला अलगद उचलावे आणि भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधाऱ्या शांत जागी ठेवावे. बूबीची चोच भाल्यासारखी असते व तो डोळ्यांवर वार करतो, म्हणून चेहरा दूर ठेवावा. चोचीत पाणी किंवा मासा कोंबू नये, पाणी श्वासनलिकेत गेल्यास पक्षी दगावतो. हातमोजे वापरावेत व नंतर हात साबणाने धुवावेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये असा पक्षी घरी बाळगता येत नाही. त्यासाठी वन विभागाच्या १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर लगेच कळवावे. पक्ष्याच्या पायात धातूचे वा रंगीत कडे असेल तर ते काढू नये. त्यावरील अक्षरे व आकडे जसेच्या तसे उतरवून घ्यावेत आणि बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवावेत. पक्षी मेलेला असला तरीही हे करावे. तो कोठून निघाला होता, हे सांगणारा तेवढाच एक पुरावा असतो.