बालाघाटची मुले कोणत्या पक्षाची?

वैनगंगेकाठच्या आमच्या बालाघाटात क्रिकेटचा विषय निघाला, की वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक सिद्धान्त हमखास ऐकू येतो: मूल ज्या राज्यात जन्मले, त्या राज्याचा संघ त्याचा. वस्तुतः सरकारी हद्द आणि मनाचा ओढा यांची नोंद एकाच दप्तरात होत नसते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढे अंमल भोपाळचा आला, परंतु बाजारहाट, दवाखाना आणि सोयरीक यांच्या वाटा गोंदिया-नागपूरकडेच राहिल्या. म्हणूनच १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने इंदूरच्या मैदानावर रणजी करंडक प्रथमच जिंकला तेव्हा माझ्या परिचयाच्या ज्या घरांत पेढे वाटले गेले, त्याच घरांत २०२२ साली मध्यप्रदेशाच्या विजयाचाही तितकाच आनंद झाला; आणि दोन्ही वेळा प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. नागपुरात जन्मून होळकरांच्या सेवेत इंदुरास गेलेले सी. के. नायुडू या मुलखात परके कोणालाच वाटले नाहीत.

संघ बापाकडून वारसाहक्काने मिळतो, हाही समज अर्धाच खरा आहे. २००८ पासून चाललेल्या आयपीएलमध्ये ना मध्यप्रदेशाचा संघ आहे, ना विदर्भाचा. तेव्हा येथील मुलांना वारशात काही मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि तरीही गल्लीगल्लीत कट्टर पक्ष पडलेले दिसतात. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने ब्रिस्टलमधील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे, चित्रांच्या आवडीनिवडीचे निमित्त सांगून पण प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्या तसे, दोन गट पाडले. आपल्या गटात आणखी कोण आहे हेही ठाऊक नसताना त्या मुलांनी पैशाच्या वाटपात आपल्याच गटाला झुकते माप दिले. ज्या सवंगड्यांत आपण संध्याकाळी खेळतो त्यांचा पक्ष तो आपला, एवढे कारण मुलाला पुरते.

मुले जिंकणाऱ्याच्या मागे धावतात, हा आरोप तर मला अन्यायाचा वाटतो. विजयाचे आकर्षण असते खरे. २०१४ साली अमेरिकेतील बेसबॉलच्या चाहत्यांविषयी जी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत मुलगा आठ वर्षांचा असताना जो संघ अजिंक्य ठरला त्याच्याकडे तो मोठेपणीही अधिक ओढला गेल्याचे आढळले. परंतु त्या वयात जडलेली प्रीती पुढच्या पराभवांनी उतरत नाही, हेही त्यातूनच निघते.

माझ्या आठ वर्षांच्या भाचीने आपल्या निळ्या सदऱ्याच्या पाठीवर आईच्या शिवणाच्या खडूने १८ हा आकडा काढून घेतला. शेजाऱ्यांनी तो विराट कोहलीचा मानला, आणि मुलगी भावाचेच पाहून शिकली असेही ठरवून टाकले. मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “विराटचा नाही मामा, स्मृतीचा. ती पण डावखुरी आहे, माझ्यासारखी.” सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाचाही आकडा १८च आहे. २०२५ च्या विश्वचषकात भारतीय महिलांनी लागोपाठ तीन सामने गमावले. त्या सबंध काळात, खडू पुसला जाईल म्हणून, पोरीने तो सदरा धुवायला दिला नाही.