९३ टक्क्यांची दंतकथा

प्लेसमेंटचा हंगाम जवळ आला की महाविद्यालयांत सॉफ्ट स्किल्सच्या कार्यशाळा सुरू होतात आणि त्यांतल्या बऱ्याचशांत एक गोल आलेख पडद्यावर येतो: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के, देहबोलीचा ५५ टक्के. आकडे इतके नेमके की शंका घ्यायला कुणी धजावत नाही. ते कपोलकल्पित नाहीत, पण ज्या प्रश्नाचं ते उत्तर आहेत तो प्रश्न वेगळाच होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांसोबत केलेले दोन प्रयोग १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. वेगवेगळ्या स्वरांत ध्वनिमुद्रित केलेले सुटे शब्द लोकांना ऐकवले गेले, एका प्रयोगात जोडीला चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली गेली आणि बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी आपुलकी आहे की नाही, याचा अंदाज विचारला गेला. शब्द गोड आणि सूर कडू असेल तर माणसं सुरावर विश्वास ठेवतात, असं त्यातून दिसलं. विषय भावनांचा किंवा आवडीनिवडीचा नसेल तर हे समीकरण लागू होत नाही, असं मेहराबियन यांनी स्वतःच नंतर स्पष्ट केलं. पंपाची क्षमता, हिशेबातली तफावत किंवा औषधाची मात्रा यांचा निम्म्याहून अधिक अर्थ हातवाऱ्यांतून पोहोचत असता, तर सबटायटलशिवाय कोरियन मालिका आपल्याला सहज समजल्या असत्या.

हा गैरसमज इतका टिकून राहिला याचं कारण तो एका मोठ्या गैरसमजाच्या पोटातला आहे. संवादकौशल्य म्हणजे स्वतःला सादर करणं, अशी विद्यार्थ्यांची समजूत करून दिलेली असते. मग टाय कसा बांधावा, नजर कुठे ठेवावी, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर कसं पाठ करावं, यातच वेळ जातो. व्यावसायिक आणि तांत्रिक संवादाचं माप मात्र दुसऱ्या टोकाला लागतं. वाचल्यावर किंवा ऐकल्यावर समोरच्याला योग्य निर्णय घेता आला का, पुढचं काम करता आलं का, हे ते माप. बोलणारा कसा दिसला हा त्यातला फार छोटा भाग आहे.

याचा सर्वांत कडू पुरावा अंतराळ क्षेत्रात सापडतो. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडालं तेव्हा इंधनटाकीवरच्या फोमचा एक मोठा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच बोइंग कंपनीच्या अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधून नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड्स मांडल्या. त्यांतली एक स्लाइड पुढे कुप्रसिद्ध झाली. चाचण्यांची आकडेवारी पाहता अंदाज सुरक्षित बाजूला झुकलेले आहेत, असा दिलासा देणारा सूर तिच्या शीर्षकाचा होता. खाली एकात एक गुंतलेले, क्रमाक्रमाने बारीक होत जाणारे मुद्दे होते आणि अगदी तळाशी खरी गोष्ट होती: चाचण्या ३ घन इंचांच्या तुकड्यावर झाल्या होत्या, तर प्रत्यक्षातल्या तुकड्याचा अंदाज १९२० घन इंचांचा होता. म्हणजे ६४० पट. हाताशी असलेली चाचणी या घटनेला लागूच नव्हती, आणि हे दाखवणारी ओळ सगळ्यात लहान अक्षरांत होती. ‘लक्षणीय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याच स्लाइडवर पाच वेळा आला होता. किती म्हणजे लक्षणीय, हे एकदाही नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेलं या स्लाइडचं विश्लेषण घेतलं गेलं, आणि तांत्रिक निबंधांच्या जागी पॉवरपॉइंट वापरण्याची नासातली सवय हे सदोष तांत्रिक संवादाचं उदाहरण आहे, असं मंडळाने नोंदवलं.

यावर रास्त आक्षेप असा, की दोष स्लाइडच्या माथी मारणं म्हणजे व्यवस्थेला सोडून देणं. तो बऱ्याच अंशी खरा आहे. चौकशी मंडळानेही संघटनेची संस्कृती हे अपघाताचं मोठं कारण मानलं. पंखाची छायाचित्रं बाहेरच्या यंत्रणेकडून मिळवावीत, अशी विनंती अभियंत्यांनी केली होती. ती मान्य झाली नाही. रॉडनी रोचा या अभियंत्याने तर हा नकार चुकीचा आणि बेजबाबदारपणाच्या काठावरचा आहे, असं स्वच्छ शब्दांत ईमेलमध्ये लिहून काढलं, सहकाऱ्याला दाखवलं, पण वरिष्ठांना पाठवलं नाही. अधिकाराची उतरंड ओलांडायची नव्हती. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या मजकुरात धोका ठळक होता तो गेला नाही आणि जो गेला त्यात धोका तळाशी होता. ऐकून न घेणाऱ्या वरिष्ठांपुढे स्पष्ट मांडणी नेहमी जिंकेलच असं नाही. पण अस्पष्ट मांडणी त्यांना ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ म्हणायची सोय करून देते. आणि हो, या साऱ्या प्रकरणात कुणाच्याही हस्तांदोलनात किंवा नजरेला नजर देण्यात काही खोट निघाली नव्हती.

आपल्याकडचा सगळ्यात खोल रुतलेला समज इंग्रजीचा आहे. फाडफाड इंग्रजी म्हणजे चांगला संवाद, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला तो जमणं कठीण! इंग्रजी लागत नाही असं म्हणणं हा खोटा धीर ठरेल. मुंबई-पुण्यातल्या बहुतेक कंपन्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो आणि मुलाखतीच्या पहिल्या चाळणीत भाषेमुळे मुलं गळतात. पण किती इंग्रजी पुरेसं, हे ज्या क्षेत्राने माणसं गमावून शिकून घेतलं त्या विमानवाहतुकीकडे पाहावं. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबिया या देशातून न्यूयॉर्कला येणारं अवियांका कंपनीचं विमान खराब हवामानामुळे तासाभराहून अधिक काळ आकाशात थांबवून ठेवलं गेलं. इंधन संपत आलं. आणीबाणी आहे असं कळव, असं कॅप्टनने सहवैमानिकाला सांगितलं. सहवैमानिकाने नियंत्रकांना सांगितलं ते एवढंच, की आम्ही पुन्हा उतरायचा प्रयत्न करतो, आमचं इंधन संपत आलं आहे. त्या वाक्याच्या इंग्रजीत चूक काढायला जागा नाही. पण नियंत्रकाचं वागणं तत्काळ बदलायचं तर ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ हा ठरलेला शब्द हवा होता आणि तो शेवटपर्यंत आला नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, १५८ पैकी ७३ जण मेले. पुढे २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी इंग्रजीची किमान पातळी लागू झाली. त्या पातळीच्या वर्णनात मातृभाषेची छाप असलेला उच्चार चालतो; समजण्यात तो फक्त कधीमधी आड यावा, एवढीच अट. आकाशात एवढं चालत असेल, तर कॉन्फरन्स रूममध्ये मराठी वळणाच्या इंग्रजीला हसण्याचं कारण उरत नाही. शब्दसंपत्तीपेक्षा, कोणत्या वाक्याने समोरचा हलतो ते ओळखणं जास्त कामाचं.

जड भाषेची भुरळ मराठीतही तितकीच आहे. ‘सदर प्रकल्पांतर्गत उपरोक्त बाबींचा अभ्यास करण्यात आलेला आहे’ असं लिहिलं की अहवालाला वजन येतं, असं वाटतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओपेनहायमर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उलट दिसलं: कारण नसताना अवघड शब्द वापरणारा लेखक वाचकांना कमी हुशार वाटला. (या निबंधाला ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिक मिळालं; विनोद त्याच्या मुद्दाम बोजड ठेवलेल्या शीर्षकात आहे, निष्कर्षात नाही.) पारिभाषिक शब्द टाळावेत असा याचा अर्थ नव्हे. ‘टॉर्क’ला ‘टॉर्क’च म्हणावं, त्याच्याभोवतीचं गवत काढावं.

आता उरतो तो मुद्दा हुशार विद्यार्थ्यांना जास्त नडतो. विषय नीट समजला की सांगता येतोच, असं त्यांना वाटतं. स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. निम्मी गाणी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते, ऐकणाऱ्याच्या कानी फक्त टकटक येते. ज्याला विषय येतो त्याच्याही डोक्यात अशी चाल असते आणि तिच्यामुळे आपल्या लिहिण्यातल्या गाळलेल्या जागा त्याला दिसत नाहीत. म्हणूनच संवाद हा उपजत गुण आहे, अबोल मुलांचं ते काम नव्हे, हा समजही टिकत नाही. गाळलेली जागा शोधायला स्टेजवरचा आत्मविश्वास लागत नाही. विषयाबाहेरच्या एका वाचकाला मजकूर द्यावा, ‘समजलं का?’ असं विचारू नये, कारण लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘यावरून तू काय करशील?’ असं विचारावं आणि उत्तर गप्प बसून ऐकावं. गप्प बसणं अबोल मुलांना उलट चांगलं जमतं.

एवढं ऐकून फायनल इयरचा विद्यार्थी म्हणेल, परीक्षक तर रिपोर्टची जाडी आणि बाइंडिंग बघतात. अनेक ठिकाणी हे खरं आहे, आणि विद्यापीठाने आखून दिलेला साचा मोडून गुण घालवण्यात शहाणपण नाही. पण साचा प्रकरणांचा क्रम ठरवतो, सारांशात काय लिहायचं हे वाक्यावाक्याने ठरवत नाही. ठिबक सिंचनाच्या नियंत्रकावरचा प्रकल्प असेल तर सारांशात बहुधा एवढंच असतं, की शेतीत पाण्याचं महत्त्व मोठं आहे आणि या प्रकल्पात सेन्सरवर आधारित प्रणाली विकसित केली आहे. पाणी किती वाचलं, कोणत्या मातीत, किती दिवसांच्या चाचणीत, आणि सेन्सर कुठे फसला, हे चाळिसाव्या पानावरच्या तक्त्यात पडून असतं. तीच चार उत्तरं सारांशाच्या पहिल्या तीन ओळींत आणली तर पानं तेवढीच राहतात, बाइंडिंग तेच राहतं, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाचा पहिला प्रश्न ‘प्रकल्प काय आहे?’ असा न येता ‘काळ्या मातीत सेन्सर का फसला?’ असा येण्याची शक्यता वाढते. त्याचं उत्तर ज्याने काम केलंय त्याच्याकडे असतंच.